तिसऱ्या शिफ्टचे आठवडे

पुणे स्टेशनवर मला सोडायला आले तेव्हा अण्णा जवळजवळ झोपेत होते. आदल्या रात्रीची तिसरी शिफ्ट करून सकाळी घरी आले, अंघोळ केली आणि आडवं व्हायच्या ऐवजी माझ्या ट्रंकेला दोरी बांधत बसले. दुपारच्या गाडीला डोळे लालभडक. फलाटावरच्या लोकांना वाटलं, मुलगी लांब सासरी चालली म्हणून बाप रडून आलाय. थोडं रडलेही असतील, अण्णांचं काही सांगता येत नसे. खिडकीच्या गजातून हात घालून ते मला एवढंच म्हणाले, "जावईबापूंना जनरल शिफ्ट आहे. बरं झालं. तुला घरात मोठ्यानं बोलता येईल."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, शेजारी तेरा दिवसांचा नवरा, आणि गाडी निघालेली भिलाईकडे, जिथे मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. नव्या नवरीने रडायचं असतं. मी रडले नाही, कारण मी संतापले होते. आईवर नाही, अण्णांवर नाही, शेजारी बसलेल्या त्या बिचाऱ्या माणसावर तर मुळीच नाही. माझा सगळा राग चिंचवडच्या एका खानावळीतल्या सदाशिव नावाच्या मुलावर होता. आमचे हे वाचतील. वाचू देत, आता आमच्यात लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

चाळीतल्या पोरींनो, तुमच्यातल्या ज्या तिथेच राहिल्या त्यांना पुढचं सगळं तोंडपाठ असेल. ज्या माझ्यासारख्या इंदूर-बडोद्याला नाहीतर दुबईला गेल्या, त्यांना आठवायला थोडा वेळ लागेल. म्हणून सांगते.

आम्ही मूळचे पाटणकडचे. मी पाच वर्षांची असताना अण्णा कंपनीत लागले आणि आम्ही चिंचवडला आलो. तेव्हा एका बाजूला ज्वारीची रानं आणि दुसऱ्या बाजूला नवे कारखाने, मधे आमची दहा खोल्यांची बैठी चाळ. कंपनीच्या पाळ्या आठवड्याला बदलत. पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. इतर लोकांचे महिने तिथीवर चालतात, आमचे शिफ्टवर चालत. कुणाच्या घरी बारसं, कुणाच्या घरी सत्यनारायण, सगळं बापाची पाळी बघून ठरायचं. आणि जिच्या घरी माणूस रात्रपाळी करून झोपलेला असे, ती बाई दारावर गोणपाटाचा पडदा सोडायची. पडदा दिसला की त्या दारासमोर चेंडू उडायचा नाही, खलबत्ता वाजायचा नाही, कुणी हाकही मारायची नाही. आमच्या घरी तिसऱ्या आठवड्यात आई सगळं वाटण शेजारी जाऊन वाटून आणी. "आवाज नको" हे दोन शब्द मी आईच्या तोंडून जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल.

अशा घरातली मुलगी कथक शिकायला लागली हाच मोठा विनोद होता. कंपनीतल्या एका साहेबांच्या पत्नी कामगारांच्या मुलींना शाळेच्या हॉलमध्ये फुकट शिकवत. त्यांना आम्ही ताई म्हणायचो. अण्णांना नाच पसंत नव्हता, पण साहेबांच्या घरून निरोप आला म्हटल्यावर नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. मी तेरा वर्षांची असताना गेले आणि चिकटले. सोळाव्या वर्षी ताईंनी मला स्वतःचे जुने घुंगरू दिले, एकेका पायात पन्नास. रोज घरी तासभर तत्कार, म्हणजे पायांचा रियाज, झालाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

पहिल्या दोन आठवड्यांत अडचण नसे. तिसऱ्या आठवड्यात दुपारी अण्णा झोपलेले, दारावर गोणपाट, आणि मी घुंगरू हातात धरून बसलेली. पायांना ओला टॉवेल गुंडाळून नाचून बघितलं. आईने कानशिलात ठेवून दिली, कारण अण्णा एकदा झोपेतून उठले की त्यांना परत झोप लागत नसे, आणि मशीनवर झोपाळलेला माणूस म्हणजे काय ते चाळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आमच्या ओळीतल्या एकाची दोन बोटं तशीच गेली होती.

मग आईनेच उपाय शोधला. रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर गिरजामावशींची खानावळ होती. मावशी चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, नवरा लवकर वारलेला, एकटे राहणारे कामगार त्यांच्याकडे जेवायचे. दुपारी अडीच ते पाच खानावळ रिकामी असे. आईने विचारलं आणि मावशी म्हणाल्या, "येऊ दे की पोरीला. आमाला काय, भिताडांला कान हायेत व्हय? नाच म्हनावं हवं तेवढं."

त्यांचा मुलगा सदा तेव्हा अठरा वर्षांचा होता. मी फरशीवर पाय आपटत असे आणि तो कोपऱ्यात संध्याकाळच्या दीडशे चपात्यांची कणीक मळत असे. पहिला दिवस मी त्याच्याकडे पाठ करून नाचले. दुसऱ्या दिवशी मागून आवाज आला, "पंधराव्याला घसरतीस तू."

मी वळले. "तुला काय कळतं?"

"सोळा हायेत ना? ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, दोनदा. मी कालपासनं मोजतोय. पंधराव्याला घाई करतीस."

ताईही तेच सांगत. त्या दिवसापासून तो मला मात्रा मोजून देऊ लागला. तोंडाने मोजायचा आणि हाताने चपात्या लाटायचा, एका आवर्तनात एक चपाती, समेवर ती तव्यात. विलंबित लयीत नाचले तर म्हणायचा, "बाई, जरा पाय उचल, लोकं उपाशी ऱ्हातील." आम्ही हसायचो. मोठ्यांदा हसायचो, कारण तिथे कुणी झोपलेलं नव्हतं. मला वाटतं मी त्याच्या प्रेमात पडले ते आधी या हसण्यामुळे. घरी मी तोंडावर हात धरून हसायला शिकले होते.

तर आमचं प्रेमही शिफ्टनेच चालायचं. तीन आठवड्यांतला एक आठवडा, दुपारी अडीच ते पाच. उरलेले दोन आठवडे रस्त्यात दिसला तरी मी मान वळवायची. इतर मुली सणाची वाट बघत, मी अण्णांच्या रात्रपाळीची बघायची, आणि बाप रात्रभर उभा राहून राबणार म्हणून आपल्याला आनंद होतो याची लाजही वाटायची. तीन वर्षांत आम्ही एकमेकांचा हातसुद्धा धरला नाही. घुंगरांची दोरी सुटली तर तो हात धुऊन, पुसून येई आणि तोवर मीच बांधून मोकळी झालेली असे. दोघांनाही ते कळायचं.

स्वयंपाक हा त्याच्यासाठी पोटाचा धंदा नव्हता. भाजी चाखताना तो डोळे मिटायचा. त्याच्या मामाने एका कंपनीत त्याची अप्रेंटिसशिप ठरवली होती, मावशींनी देवाला बोलून ठेवलं होतं, पण हा जाईना. "मला मशीनपाशी उभं ऱ्हायचं न्हाई," म्हणायचा. एकदा कांदा चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन खोल्या घिऊ. पुढं खानावळ, मागं तू पोरींना शिकव. आवाज कुनालाच नको म्हनायला." घरी जाताना सबंध रस्ता मी त्या मागच्या खोलीला खिडकी कुठे असावी याचा विचार करत होते.

अण्णांच्या लेखी जगात दोनच जातीची मुलं होती, पर्मनंट आणि टेंपररी. खानावळवाला तर टेंपररीतही बसत नव्हता. मी आईजवळ एकदा विषय काढून पाहिला, दुसऱ्याच कुणा मुलीचं नाव करून. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या मुलीच्या आईनं तिला लोकांच्या खरकट्यात हात घालायला वाढवलं का?" तिला सगळं कळलं होतं, हे मला कळलं. पुढच्याच महिन्यात भिलाईचं स्थळ आलं.

मुलगा प्लांटमध्ये ड्राफ्ट्समन, पर्मनंट, क्वार्टर मिळालेलं. मंडळी बरीच वर्षं तिकडे राहिलेली, पण मूळची जुन्नरची. मध्यस्थांनी आईला सांगितलं, मुलाच्या आईला चहापोह्यांत रस नाही, रविवारी जेवायलाच येतील, आणि मुलीच्या हातची मासवडी खाऊन काय ते ठरवतील. जुन्नर-खेडकडच्या बायका सून पारखायची तर अशी पारखत. बेसन उकळत्या पाण्यात घोटून घट्ट करायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून पातळ पसरायचं, वर तीळ-खोबरं-लसणाचं सारण, मग फडक्यानेच दोन्हीकडून दुमडून वळकटी करायची आणि कापायची. सगळी गोम वेळेत आहे. बेसन जरा गार झालं की दुमडताना तडकतं, आणि कापल्यावर वडीचा नुसता चुरा. आम्ही पाटणकडचे, आमच्या घरात हा प्रकार कधी झालाच नव्हता. आईने मला दोनदा करून बघायला लावलं, दोन्ही वेळा आम्ही पिठल्यासारखं वाटीत घेऊन खाल्लं.

शनिवारी आई गिरजामावशींकडे गेली, त्या खेडकडच्याच. म्हणाली, उद्या अकरापर्यंत मासवडी द्या, आमच्या सुमननेच केली म्हणून सांगू. मावशींचा हात त्या आठवड्यात रस्सा सांडून भाजला होता. त्या म्हणाल्या, सदा करील.

मला हे कळलं तेव्हा मी देवाचे आभार मानले. तिसरा आठवडा होता. दुपारी मी घुंगरू घेऊन गेले आणि बांधलेच नाहीत. त्याला म्हटलं, "बिघडव."

त्याने लसूण सोलायचा थांबवला.

"काही वेगळं करू नकोस. मीठ बरोबर, तिखट बरोबर. बेसन फडक्यावर टाकलंस की फक्त थांब. विलंबितातली दोन आवर्तनं मोज आणि मग हात लाव. त्यांच्यासमोर ताटात चुरा पडला की काम झालं. परत नावही काढणार नाहीत."

"दोन आवर्तनं," तो म्हणाला.

"दोनच."

"बरं."

रविवारी अकराला डबा आला. मी स्वयंपाकघराचं दार लोटून झाकण उघडलं. वड्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येक वडी अख्खी, कडेला बारीकशी चीरसुद्धा नाही. मी एक उचलून वाकवून बघितली. तुटेना. बाहेर मंडळी बसली होती. मी ताटं वाढली, काठोकाठ रश्श्याच्या वाट्या नेल्या, खाली मान घालून उभी राहिले. मुलाच्या आईंनी एक वडी सावकाश खाल्ली, दुसरी घेतली आणि माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे." अण्णांनी इतक्या लोकांत डोळे पुसले. महिन्याभरात लग्न झालं. मधल्या काळात मी खानावळीत गेले नाही आणि तोही आला नाही. मी समजून चुकले, की याला मी नको होते. आपल्या हातच्या वडीला नाव ठेवलं जाईल एवढंही याच्याने सोसवलं नाही. गाडीत बसले तेव्हा हेच डोक्यात होतं.

भिलाईत सगळं उलटं. रुंद रस्ते, सेक्टरांना नंबर, क्वार्टरच्या भिंती जाड. शेजारी एकीकडे बंगाली, दुसरीकडे तेलुगू, मधे सगळ्यांची मिळून एक हिंदी. मी "भाभीजी" झाले. सकाळी दही-जिलेबीचा नाश्ता बघून मला आधी हसू आलं, मग सवय झाली, आता रविवारी ती नसली तर चुकल्यासारखं होतं. हो ना म्हणायच्या ठिकाणी हाँ ना तोंडात बसलं. नवरा शांत, भला माणूस. संध्याकाळी साडेपाचला घरी, रोज, बाराही महिने. त्या रोजच्या साडेपाचचं मला पहिलं वर्षभर ओझं व्हायचं. मी मनात पहिली, दुसरी, तिसरी असे आठवडे मोजत राहायची आणि तिसरा आला की दुपारी अडीचला उगाच दारात जाऊन उभी राहायची.

पहिल्या दिवाळसणाला माहेरी गेले, तेव्हा खानावळीवरून टांग्यातून गेले आणि मान वळवली नाही. परत आल्यावर, पौष महिन्यात, सासूबाईंनी एकदाची मासवडी करायला सांगितली. तोवर मी इकडच्या बेसनाला नावं ठेवून निभावलं होतं. त्या दिवशी निभावलं नाही. वळकटी माझ्या हातात तीन ठिकाणी तडकली. मी ओट्याला टेकून रडायला लागले.

सासूबाईंनी तो चुरा शांतपणे रश्श्यात ढकलला. "रडतेस कशाला? ती तुझी नव्हती, ते मला तिथेच कळलं होतं. कापाला दाब होता. बाप्याच्या हाताची होती ती."

माझं रडू जागच्या जागी थांबलं. "मग हो का म्हणालात?"

"ताटं आणलीस ना तू, रस्सा काठोकाठ होता. उंबरा ओलांडलास, वळलीस, खाली वाकलीस, थेंब सांडला नाही. आमच्या घरात सगळे धाडधाड चालतात. म्हटलं, एक तरी नीट चालणारं माणूस आणू." मग रस्सा ढवळत म्हणाल्या, "वडी चुरा झाली असती तरी मी हो म्हटलं असतं."

म्हणजे माझ्या पायांनीच मला इथे आणलं होतं. सदाने दोन आवर्तनं मोजली असती काय, चार मोजली असती काय, काही फरक पडला नसता. मी त्याला उगाच वर्षभर शिव्या दिल्या होत्या. मला त्याच क्षणी त्याला सांगावंसं वाटलं. पण सांगणार कसं? चिंचवडला आमच्या भागातला पोस्टमन कार्ड वाचत वाचत यायचा, आणि खानावळीत कार्ड म्हणजे चाळीस जेवणाऱ्यांसमोर. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा सांगेन, असं ठरवलं. पुढची खेप लांबत गेली. बाळंतपण इथल्या इस्पितळातच झालं, मग मुलगी लहान, मग सासरे गेले. सासूबाईंनीच मागे लागून मला सेक्टरमधल्या मुलींचा कथकचा क्लास सुरू करायला लावला. मुली मला मॅडम म्हणायला लागल्या.

अण्णा रिटायर झाले तेव्हा मी गेले. लग्नाला पाच वर्षं होत आली होती. स्टेशनकडच्या रस्त्यावर दुतर्फा दुकानं झालेली, ज्वारी कुठे दिसेना. खानावळीची पाटी नव्हती. मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला सारलं, मुलीच्या गालांवरून बोटं फिरवली. खानावळ कुठे गेली विचारलं, तर त्यांचा चेहरा उजळला.

"बंद क्येली की. सदा कंपनीत हाय आता. पर्मनंट झाला. तुजं लगीन झालं आन म्हैन्याभरात सोताच मामाकडं ग्येला, म्हनला, चुलीम्होरं उभं ऱ्हावत न्हाई. लई वर्सं देवाला सांगत हुते, त्यानं ऐकलं बग."

सदा पहिल्या शिफ्टवरून साडेतीनला सायकलवर आला. निळा युनिफॉर्म, बाह्यांना ग्रीस, कपाळावरचे केस थोडे मागे गेलेले. मला बघून सायकल भिंतीला टेकवायला त्याला जरा वेळ लागला. मावशी चहाचं बघायला आत गेल्या. मी मुलीला कडेवर घेऊन उभी होते. आणखी संधी मिळेल न मिळेल म्हणून मीच विषय काढला. बिघडवली का नाहीस, असं विचारलं.

तो चपलेकडे बघत म्हणाला, "एक आवर्तन मोजलं. फडक्यावर बेसन वाफाळत हुतं, मी हात मागं धरून उभा. दुसरं मोजाय लागलो, तिसऱ्या मात्रेला हात आपसूक गेला. त्यो हात काई मला आवरला न्हाई. ह्या हातानं तुला घालवलं, म्हनून मंग त्याला चुलीपाशी जाऊच दिलं न्हाई परत."

मी त्याला सासूबाईंचं सगळं सांगितलं. कापाचा दाब, काठोकाठ वाट्या, चुरा झाला असता तरी चाललं असतं ते. तो ऐकत राहिला. मग हसला, पूर्वीसारखा मोठ्याने.

"म्हंजी मी पाच वर्सं उगाच क्यांटीनचं जेवतोय म्हन की."

मलाही हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचायच्या आत त्याने विचारलं, "तुला कवा कळलं ह्ये?"

खोटं सांगता आलं असतं. मागच्या महिन्यात, म्हटलं असतं. पण मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

"पहिल्याच वर्षी."

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. मुलगी माझ्या बांगड्यांशी खेळत होती. मग तो म्हणाला, "एक कार्ड टाकायचंस, सुमन."

रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते, पोस्टमनचं सांगितलं असतं, चाळीस जेवणाऱ्यांचं सांगितलं असतं. ती कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली एक खरं कारण होतं, आणि ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. मला वाटलं होतं, घाई काय आहे, तो कुठे जातोय. मी भिलाईत भाभीजी झाले, मॅडम झाले, आई झाले, आणि चिंचवडला मात्र सदा कणीक मळत तसाच उभा असणार, असं मी धरून चालले होते. आपण गाडीत बसतो आणि मागच्यांना आहेत तिथे उभे करून येतो. ते थांबत नाहीत, आपल्या पाठीमागे ते हातातलं सोडून देतात, आणि कुणी आपल्याला कळवत नाही. घरच्यांच्या दृष्टीने तर पोरगा मार्गी लागला होता.

मावशींनी चहा आणला. चांगला होता, साखर जरा जास्त. सदाने मुलीच्या हातात बिस्किट दिलं, आणि मी निघाले. त्यानंतर त्याने चूल पेटवली की नाही, मला माहीत नाही.

इथे कुणी विचारतं, भाभीजी, आपका घर कहाँ है, तेव्हा मी चिंचवड म्हणते. आता तिथे आमची चाळ नाही, अण्णा नाहीत, आई भावाकडे असते. माझी सगळी माणसं इथे आहेत, मुलगी इथल्याच हिंदीत स्वप्नं बघते, आणि ज्या बाईने माझं चालणं बघून मला आणलं तिला मीच शेवटचं पाणी पाजलं. तरीही तोंडात चिंचवडच येतं. जिथून आपली पत्रं येतात ते गाव वेगळं, आणि जिथे आपलं एक कार्ड पोचायचं राहून गेलंय ते वेगळं. माझ्यापुरतं तरी हे दुसरंच घर आहे.

ते कार्ड मी अजूनही लिहायला घेते. पत्ता पाठ आहे, मजकूरही दोनच ओळींचा आहे. नुसतं सदा लिहायचं की आधी प्रिय लिहायचं, तिथे हात थांबतो.